आईचं घरपोच मत

माझ्या आईनं आयुष्यात नवऱ्यापासून एकच गोष्ट लपवली, ती म्हणजे तिचं मत. पैसा लपवावा तर तो हातात कधी टिकला नाही. दुखणं लपवायला ती बघायची, पण ते चेहऱ्यावर दिसायचं. मताचं मात्र तिनं कुणाला कळू दिलं नाही. दर निवडणुकीच्या संध्याकाळी वडील विचारायचे, "कुनावर मारला गं शिक्का?" ती चुलीतलं लाकूड पुढं सारून म्हणायची, "ते माजं आन् देवाचं." वडील चिडायचे, तंबाखू मळत अंगणात जाऊन बसायचे आणि पुढच्या निवडणुकीला पुन्हा विचारायचे. ते वारले तेव्हाही त्यांना उत्तर मिळालेलं नव्हतं.

आमचं गाव मिरजगावहून आत. ओढ्याच्या अलीकडे गाव आणि पलीकडे आमची ख्रिस्ती आळी. पणजोबांच्या वेळी आळीनं बाप्तिस्मा घेतला, चर्च झालं, मिशनची शाळा झाली आणि आमच्यातले काही जण माझ्यासारखे शिकून मास्तर-मास्तरीण झाले. पण देव बदलला म्हणून पोट बदलत नाही. आई-वडील जन्मभर ओढा ओलांडून मोठ्या मळ्यावर कामाला जात राहिले. मळ्याच्या मालकांकडे दुपारचा चहा मिळायचा. आमच्या लोकांचे कप गोठ्याच्या कोनाड्यात वेगळे ठेवलेले असायचे. चहा वरून ओतायचे. प्यायचा, कप विसळायचा आणि परत कोनाड्यात ठेवायचा. लहानपणी मी आईबरोबर जायचे तेव्हा मलाही त्यातलाच एक मिळायचा. चहा चांगला असायचा, हे मी खोटं सांगणार नाही.

मतदानाच्या दिवशी मळ्यावरचा ट्रॅक्टर ट्रॉली घेऊन आळीत यायचा. थोरले मालक सगळ्यांना चढवताना निशाणी सांगायचे. कुणी विसरू नये म्हणून दोनदा सांगायचे. सगळ्यात आधी मान डोलवणारी माझी आई असायची. मी मोठी झाल्यावर एकदा तिला म्हटलं, तू त्यांना हो म्हणतेस आणि आत जाऊन काय करतेस? ती हसली आणि म्हणाली, "मान डोलवायला काय जातंय? आत कुठं मालक येत्यात?" त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागं ती मिनिटभर एकटी असायची. घरात नाही, मळ्यावर नाही, चर्चमध्येही नाही, तिला असं एकटं कुठंच मिळत नसे. म्हणून त्या दिवशी ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसायची आणि सकाळी लवकर निघायची.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. शिक्षकाला शिकवण्यापेक्षा मतदान जास्त घ्यावं लागतं. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या वाड्यांपासून सुप्याच्या कारखान्यांशेजारच्या शाळांपर्यंत सगळीकडे मी केंद्रावर बसले. शाईची बाटली बहुतेक वेळा माझ्याकडेच यायची. भात कापून आलेली, ऑइलनं काळी झालेली, लहान मुलाला कडेवर घेऊन पुढं केलेली, अशी किती बोटं माझ्या हातांनी रंगली त्याचा हिशेब नाही. सरकारच्या सगळ्या कामांत हे एक काम मला खरं वाटायचं. आता मी निवृत्त आहे, नगरला राहते, आणि मला तसं वाटत नाही.

ट्रॉल्या बंद झाल्या त्याला बरीच वर्षं झाली. आता काम शिकलेल्या पद्धतीनं चालतं. आमच्या आळीचं मतदान एकाच केंद्रावर होतं, आणि मोजणीनंतर कुठल्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते आकडे सगळ्यांच्या मोबाईलवर येतात. एकट्याचं मत गुप्त आणि आळीचं मत जगजाहीर. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर ते आकडे मोठ्यानं वाचले जातात. आळीनं मालकांच्या पक्षाला मतं दिली नाहीत हे गेल्या दोन-तीन निवडणुकांत दिसलं, आणि डांबरी रस्ता ओढ्यापर्यंत येऊन थांबला. रस्ता का थांबला हे कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे.

थोरले मालक गेले. आता त्यांचा नातू पक्षाचं काम बघतो. पांढरा शर्ट, गोड जीभ, पायात पांढरे बूट. विधानसभेची निवडणूक लागली आणि तो एका सकाळी आमच्या दारात आला. आई तिथं एकटीच राहते. माझा भाऊ सुप्याला कंपनीत आहे, तो सुट्टीला येतो, आणि मी महिन्यातून एकदा. त्यामुळे हे सगळं मला आईनंच फोनवर सांगितलं.

तो म्हणाला होता, "मावशी, पंच्याऐंशीच्या पुढच्या मान्सांनी आता शाळंत जायचं न्हाई. साहेब लोक गाडी घिऊन घरी येत्यात. तुमी खुर्चीत बसून मत द्यायचं. कशाला उन्हात तंगडतोड?" घरून मतदानाचा अर्ज त्यानं बरोबर आणला होता. अंगणवाडीच्या बाई केंद्राचं काम बघतात, त्यांना कशाला हेलपाटा, मीच नेऊन देतो म्हणाला. आईनं सही केली. तिला सही येते, अंगठा ती कधी उठवत नाही. अर्जावर मोबाईल नंबर लागतो, तर आईचा नंबर तिला पाठ नाही. "आसू द्या मावशी, माजा टाकतो," असं म्हणून त्यानं स्वतःचा टाकला. आळीतल्या आणखी तीन म्हाताऱ्या माणसांचे अर्जही त्यानंच भरले, आणि तिथंही नंबर त्याचाच.

हे सगळं आईनं घाईघाईत सांगितलं. तिला दुसरंच सांगायचं होतं. "अगं, तो बसला. आत यिऊन बसला. आन् चा पेला."

"बरं," मी म्हटलं.

"आपल्या कपात पेला. समदा पेला. तळाला थेंब ठिवला न्हाई."

मी म्हटलं, "आई, ही सगळी साखरपेरणी आहे. निवडणूक आहे ना." तिनं फोन ठेवून दिला. मालकांच्या घरातले लोक प्रचाराला आळीत यायचे तेव्हा उभ्या उभ्याच बोलायचे. चहा म्हटलं की "आत्ताच झाला" हे उत्तर ठरलेलं. ते मलाही माहीत होतं. पण मी त्याच्यावर फार विचार केला नाही.

त्यानंतर आईनं जी तयारी केली ती बघून मला हसू यायचं. ओटा सारवून घेतला. शेजारणीच्या मुलाकडून भिंतीला चुना मारून घेतला. साहेबांसाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्या चर्चमधून मागून आणल्या. कपबशांचा नवा संच माझ्याकडून मागवला. सरकार जीपमधून तिच्या दाराशी येणार होतं, आणि आजवर सरकार म्हणजे तिला तालुक्याला जाऊन रांगेत उभं राहणं एवढंच माहीत होतं. ती मला विचारायची, आडोसा ते घेऊन येतात का? म्हटलं, पुठ्ठ्याचा आणतात. मग तिचा जीव भांड्यात पडला.

आमच्याकडे बाजरीची सुगी झाली की उपकारस्तुतीचा रविवार असतो. जो तो आपल्या पिकातलं पहिलं चर्चमध्ये आणतो. बाजरीची कणसं, भोपळे, अंडी, कोंबड्या, एखादा बोकड. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो आणि तो दुपारपर्यंत चालतो, कारण एकच भोपळा तीन जण पुन्हा पुन्हा घेतात आणि पुन्हा चर्चला देतात. त्या दिवशी आळीत कुत्रंसुद्धा घरी नसतं. हे गावात शेंबड्या पोराला माहीत आहे. मालकांच्या घरून तर दर वर्षी लिलावाला नारळ येतो. मीही त्या रविवारी गेले होते. आईनं तिच्या परसातली शेवग्याच्या शेंगांची जुडी दिली आणि ती चढ्या बोलीला गेली म्हणून खूश होती. आम्ही परत आलो तेव्हा कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, "बाई, सायेब लोक यिऊन गेले. तुमच्या दाराला कुलूप हुतं, त्याचं शूटिंग काढून नेलं."

आई ओट्यावर तशीच उभी राहिली. चर्चमधून आणलेल्या खुर्च्या आत एकावर एक रचलेल्या होत्या. गावातल्या म्हाताऱ्यांकडे ते लोक आदल्या दिवशी गेले होते, अगोदर निरोप देऊन, हे नंतर कळलं. आमच्या आळीचा वार रविवार पडला आणि निरोप ज्या मोबाईलवर आला तो पांढऱ्या बुटांच्या माणसाच्या खिशात होता.

मी त्याला फोन लावला. तो इतका हळहळला की मलाच त्याची समजूत घालावीशी वाटली. "बाई, मेसेज आल्ता खरा, पन सभंच्या गडबडीत मी बघितलाच न्हाई बगा. तुमी काळजी करू नका, ते दुसऱ्यांदा येत्यात. मंगळवारी दुपारी. मी सोता लक्ष देतो." दुसरी भेट असते हे मलाही माहीत होतं. मी राहायचं ठरवलं.

मंगळवारी आई सकाळपासून दारात बसली. हिरवं लुगडं नेसली होती. मांडीवर भुईमुगाच्या शेंगांचं सूप होतं, शेंगा फोडत होती आणि रस्त्याकडे बघत होती. दुपारी जीपचा आवाज आला. मी चहाचं आधण ठेवायला आत गेले. आई दारातून म्हणाली, "आली गं." मग म्हणाली, "थांबली कोपऱ्याला." मी चहापत्ती टाकली, कप मांडले. मी बाहेर आले तर जीप वळून ओढ्याकडे चालली होती आणि तिच्यामागं धूळ उडत होती. मी धावले. साठी उलटलेली बाई रस्त्यानं जीपमागं धावते हे आळीनं पाहिलं. जीप काही थांबली नाही.

कोपऱ्यावरच्या दुकानदारानं मान खाली घालून सांगितलं. "मालकाच्या नातवानं जीपच्या खिडकीत वाकून सांगितलं, म्हातारी लेकीबरूबर नगरला गेली म्हनून. मी काय बोलनार बाई? माजं दुकान त्याच्या जागंत हाय."

मी तालुक्याला फोन केला, एकदा नाही, बऱ्याचदा. शेवटी एक जण नीट बोलला. त्यानं सांगितलं की दोन वेळा भेट दिली, मतदार घरी आढळला नाही, अशी नोंद झाली आहे आणि शूटिंग आहे. मी म्हटलं, दुसऱ्यांदा तुमचे लोक दारापर्यंत आलेच नाहीत. तो म्हणाला, मॅडम, स्थानिक प्रतिनिधींनी माहिती दिली. मी म्हटलं, कुठल्या पक्षाच्या? तर म्हणाला, ते आम्ही सांगू शकत नाही. लेखी तक्रार पाठवली. ती मिळाल्याची पोचही आली. पोच देण्यात आपला कुणी हात धरणार नाही.

नियम मला माहीत होता. ज्यानं घरून मतदान मागितलं, त्याच्या नावापुढं यादीत खूण होते, आणि मग त्याला केंद्रावर मत देता येत नाही. एका माणसानं दोनदा मत देऊ नये म्हणून केलेला नियम आहे, चांगला आहे. आईला एकदाही देता आलं नाही, त्यासाठी त्यात काही लिहिलेलं नाही. मी आईला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "शाळंत मास्तरीनच आसंल ना? तुझ्यासारकी? मग ती ऐकंल."

मतदानाच्या दिवशी ती माझा हात धरून ओढा ओलांडून चालत गेली. चांगलं ऊन होतं, ती दोनदा बसली. शाळेत रांगेतल्यांनी तिला पुढं सोडलं. यादी बघणाऱ्या पोरीनं नाव शोधलं आणि थांबली. मग तिनं केंद्राध्यक्षांना बोलावलं. केंद्राध्यक्षही शिक्षिकाच होती, माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, डोळे झोपेनं तांबारलेले. तिनं खूण पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं.

"आजी, तुमचं मत घरून द्यायचं होतं."

"घरी कुनी आलंच न्हाई बाई."

"इथं आता नाही देता येत, आजी. मला खरंच नाही देता येत."

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, आणि हा विचार मला त्या क्षणी फार झोंबला. पक्षांचे प्रतिनिधी भिंतीकडेला बाकांवर बसले होते. मालकांच्या पक्षाचा पोरगा मोबाईलमध्ये बघत राहिला. विरोधी पक्षाच्या पोरानं तोंड उघडलं, "मॅडम, म्हातारी सोता आली हाय..." आणि कुणीतरी त्याला खाली बसवलं. मागं रांग खोळंबली होती.

आईनं थोडा विचार केला. मग डावा हात पुढं केला, बोट ताठ धरून, जसं आजवर हजारो बायकांनी माझ्यापुढं धरलं होतं. म्हणाली, "बरं, मत ऱ्हाऊ दे. शाई तर लाव."

मला तिथल्या तिथं रडू फुटलं. ती हे का मागत होती ते मला माहीत होतं. आमच्या आळीत मतदानाच्या दिवशी बिनशाईचं बोट म्हणजे विकलेलं मत. आदल्या दिवशी पाकीट घेऊन घरी बसणारे असतात, पक्षाला त्यांचं मत नको असतं, त्यांनी दिलं नाही एवढंच पुरतं. अशा माणसांची नावं आळी वर्षानुवर्षं विसरत नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माझ्या आईला ती यादी नको होती.

"मत दिल्याशिवाय शाई लावता येत नाही, आजी," ती शिक्षिका म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

परत येताना आईनं डावा हात पदराखाली घेतला. आळीत दोघी-तिघी भेटल्या, "झालं का मतदान?" म्हणाल्या, आणि आई "व्हय व्हय" म्हणत पुढं सरकली. माझी आई देवाला भिऊन खोटं बोलायची नाही. त्या दिवशी भर रस्त्यावर बोलली आणि पदर आणखी पुढं ओढला.

घरी आल्यावर मी त्या माणसाच्या नावानं नाही नाही ते बोलले. केसानं गळा कापला म्हटलं, आजोबा परवडले, ते निदान ट्रॉली तरी पाठवत होते, म्हटलं. आई भिंतीला टेकून बसली होती. माझं सगळं बोलून झाल्यावर म्हणाली, "ऐक. तुज्या बापाला कदी सांगितलं न्हाई, तुला सांगते. आता लपवून काय करायचं? दिलंच न्हाई."

मी तिच्याजवळ खाली बसले.

"ह्या वक्ताला मी त्यालाच देनार हुते."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "कुणाला?"

"मालकाच्या पक्षाला. जन्मात पयल्यांदा. कदी दिलं न्हवतं." ती बोटाकडे बघत होती. "त्यो आत यिऊन बसला गं. चा पेला. म्या म्हटलं, आजा गोठ्यात वरून ओतायचा, नातू आपल्या कपात पेतोय. बदललंय काईतरी. एक मत देऊ याला."

तिला हसावं की तिच्या गळ्यात पडावं हे कळेना. ज्या एका कप चहानं त्यानं तिचं मत कमावलं होतं, त्याच चहाच्या घोटांमध्ये त्यानं तो अर्ज भरून घेतला होता. त्याला ते मत आपलं आहे हे कधी कळणार नव्हतं. आळीतलं मत म्हणजे विरोधातलं मत, एवढाच त्याचा हिशेब. मला त्याचा राग आला, पण त्याहून जास्त राग आईच्या त्या भोळ्या आनंदाचा आला, आणि मग त्या रागाचीही लाज वाटली.

संध्याकाळी मतदान संपल्यावर तो आळीतून चक्कर मारत आला. सोबत दोघे होते. दाराशी थांबून हसत म्हणाला, "काय मावशी, झालं का नीट समदं? बाई, तुमाला लई तरास झाला, ऐकलं म्या." त्याच्या बोटावर शाई होती. मी उठून आत जायला निघाले, कारण बसले असते तर काय बोलले असते ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. आईनं माझा हात धरला. ती त्याच्याकडे बघत होती, अगदी शांतपणे, आणि मला म्हणाली, "चा ठेव गं मालकास्नी. नव्या कपात दे."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिनं पुन्हा सांगितलं. मी आत जाऊन पातेलं ठेवलं, गॅस पेटवला आणि दाराआडून ऐकत राहिले.

"या, बसा," आई म्हणाली. खुर्ची ओट्यावरच होती.

"नको मावशी, आत्ताच झाला," तो म्हणाला. उंबऱ्याच्या बाहेर उभा राहून म्हणाला आणि पुढच्या घराकडे गेला.

आई पदराखालचा हात बाहेर काढून भिंतीला धरत उठली आणि आत आली.

"उतरव पातेलं," ती मला म्हणाली. "आन् त्या खुर्च्या चर्चला दिऊन ये."